हॅलो अमरावती, अकोट बोलतेय

उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जुळवायची, हवेतल्या एका न दिसणाऱ्या भोकात न दिसणारी पिन खुपसायची आणि म्हणायचं, "घ्या, लागली लाइन." आमच्या शेजारच्या बाईंची ही सवय होती. भाजीवाल्याला पलीकडच्या सुनेचा निरोप सांगितला, की पिन. कुणाच्या मुलीला स्थळ सुचवलं, की पिन. एकदा माझा मिक्सर चालेना, तेव्हा त्यांनी बोर्डातला प्लग जरा दाबला आणि तो घुरघुरला. तिथे तर खरीखुरी पिन होती, तरीसुद्धा त्यांनी हवेत आपली वेगळी खुपसलीच.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलंय. मागच्या वेळी आलात तेव्हा मोठीने मला विचारलं होतं, "आजी, शेजारच्यांच्या वायफायला पासवर्ड कसा नाही? कुणीही वापरेल ना!" मी तेव्हा पोह्यांवर खोबरं घालत होते आणि उत्तर लांबलचक होतं. ते आज लिहिते. क्रमाने सांगते, म्हणजे तिकडे परदेशातून तुम्हाला नीट दिसेल.

आधी त्यांचं काम. बाई अकोटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी दुसऱ्या गावी फोन करायचा म्हणजे ऑपरेटरकडे कॉल नोंदवून वाट बघत बसायचं. पाळी आली की ऑपरेटर बोर्डावरच्या भोकात पिन खुपसून लाइन जोडून देई. साधा कॉल स्वस्त, त्याला दिवस जायचा. अर्जंट महाग, तो आधी. लाइटनिंग म्हणून आणखी महाग प्रकार होता, तो सगळ्यांना मागे टाकून पुढे जाई. गावोगावच्या ऑपरेटर एकमेकींना नावाने ओळखत नसत, गावाने ओळखत. "हॅलो अमरावती, अकोट बोलतेय." "बोला अकोट." आयुष्याची कितीतरी वर्षं आमच्या बाई 'अकोट' होत्या. अमरावतीच्या बाईंशी त्यांचं रोजचं बोलणं, पण दोघींनी एकमेकींना पाहिलं ते थेट निवृत्तीच्या वेळी. "मी समजत होती उंच असंल," बाई मला म्हणाल्या, "आवाज असा उंच होता न तिचा. पाह्यलं तं माया खांद्याले लागे."

त्यांच्या कामाचे काही नियम होते आणि निवृत्तीनंतरही ते त्यांच्या अंगातून गेले नव्हते. ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा. तीन मिनिटं झाली की विचारायचं, वाढवायची का. गिऱ्हाईक "झालं" म्हणालं की लाइन सोडवायची, कारण पुढचा खोळंबलेला असतो. आणि लाइन मध्येच तुटली तर ज्याने लावली होती त्यानेच परत लावायची, दुसऱ्याने हात बांधून थांबायचं. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

एका माणसाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मेथी निवडता निवडता. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावचा कुणी होता. बायकोला बाळंतपणासाठी अमरावतीला नेलं होतं, मागे दोन लेकरं आणि जनावरं म्हणून हा इकडे. सकाळीच साधा कॉल नोंदवून तो एक्स्चेंजच्या आवारात निंबाखाली बसला. त्या दिवशी कापसाचे भाव हलत होते. व्यापाऱ्यांचे मुंबईचे अर्जंट, त्यावर लाइटनिंग, त्यावर आणखी लाइटनिंग. त्याची पाळी आली तेव्हा ऊन कललं होतं. पलीकडून निरोप आला की ती दुपारीच गेली, सगळे तिला घेऊन गावाकडे निघालेसुद्धा.

"त्यानं ऐकलं मॅडम," बाई म्हणाल्या. "शेल्यानं रिशीवर पुसला अन् जाग्यावर ठेवला. पाळीनंच लावला मी त्याचा कॉल. नियमानंच. पन लाइन कोनाच्या बापाची व्हती का?"

तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. लाइन कोणाच्या बापाची नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी घरात इंटरनेट घेतलं. राउटर आत न ठेवता ओसरीच्या खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे. खिडकीखाली बाक टाकला. जोडणी करून देणाऱ्या मुलाने पासवर्ड विचारला तर म्हणाल्या, "पासवर्ड नाई." त्याला वाटलं, आजींना समजलं नाही. त्याने पुन्हा समजावलं. "समजलं बापू," बाई म्हणाल्या. "बाहीर मी रांजन ठेवतो उन्हाळ्यात, त्याले कुलूप लावतो काय?"

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. वॉर्डाच्या सभेत उठून म्हणाल्या, जसे नळ दिले, दिवे दिले, तसं नेट प्रत्येक घरी फुकट द्या. एक सदस्य हसून म्हणाला, "काहून आजी, सिरीयल पाह्याची हाये का?" बाईंनी शांतपणे विचारलं, "भाऊ, राशनचा अंगठा कशावर लागते? पोराच्या कॉलेजचा अर्ज? तुमी सारं त्या लाइनीवर नेऊन ठेवलं. मंग लाइन हक्काची नाई त काय हौसेची हाये?" टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. चहा आला आणि सभा संपली.

बाक मात्र भरलेला असे. ज्या साली कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली, त्या साली तर ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नुकसान झालं की लगेच फोनवरून कळवा, फोटो पाठवा, नाहीतर विमा विसरा, असा कारभार. खेड्यात टॉवरची रेघ येत नसे, म्हणून माणसं एसटीने येत, पिशवीतून किडकी बोंडं काढत आणि बाईंच्या बाकावर मांडून फोटो घेत. बाई संध्याकाळी ती बोंडं झाडून काढत. "कापूस सारा मायाच ओसरीत पिकून राह्यला," म्हणत, पण आवाज थट्टेचा नसे.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी गावात तणाव वाढू लागला. काय घडलं, कुणी आधी केलं, ते मी इथे लिहीत नाही. मला खात्रीने माहीत नाही, आणि ज्यांना खात्रीने माहीत होतं त्यांनीच त्या दिवसांत जास्त नुकसान केलं. एवढंच सांगते, की एक खोटा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी एक जण बाईंच्या बाकावर बसून पाठवत होता असं निघालं. दोन शिपाई चौकशीला आले. नीट बोलले, बाईंनी त्यांना पाणी दिलं. पण ते गेल्यावर समोरचे कृषी केंद्रवाले भाऊ फाटकाशी आले.

"बाई, आता तरी कुलूप लावा. पोट्टे तुमच्या नेटावर आग लावून राह्यले. उद्या तुमाले उचलून नेतीन."

"आग लावनाऱ्याले काडीपेटी भेटतेच भाऊ. म्हनून चुलीच बंद करू का साऱ्याच्या?"

"मॅडम, तुमी तरी सांगा यायले."

मी सांगितलं. मला भाऊंचं म्हणणं पटत होतं, आणि आजही ते अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. बाईंनी माझंही ऐकून घेतलं. त्या रात्री त्यांच्या घरातला दिवा मात्र उशिरापर्यंत चालू होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात दगडफेक झाली, दुकानांची शटरं धडाधड खाली आली, संध्याकाळपर्यंत संचारबंदी लागली आणि नेट बंद झालं. मोबाइलचं तर गेलंच, घरातलंही गेलं. खिडकीतल्या राउटरचा हिरवा दिवा लाल झाला. रस्त्यावर माणूस नाही. बाकावर एक मांजर बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मागच्या दारावर हळूच थाप पडली. मागच्या गल्लीतली निखत होती आणि तिच्यामागे तिचे वडील. ते जिनिंगमध्ये कामाला. त्या साली जिनमध्ये कापूसच कमी येत होता, त्यामुळे काम असून नसल्यासारखं. निखत बारावी झालेली, सबंध वर्ष तिने बाईंच्या बाकावर अभ्यास केला होता. रडून रडून तिचा घसा बसला होता. वडीलच बोलले.

"मॅडम, इसका नंबर लगा हाये. नर्सिंगले. अकोल्याच्या सरकारी कॉलेजात. परवा रात्री लिस्ट लागली, मेसेज आला. आज पाच वाजेपर्यंत नेटवर 'मंजूर' करा म्हन्ते, नाई त सीट दुसऱ्याले. अन् नेट त..." त्यांनी वर आकाशाकडे हात केला.

"पुढच्या यादीत?"

"हीच आखरी." ते थांबले. मग खाली बघत म्हणाले, "घरी लोक म्हनून राह्यले, लागलं त ठीक, नाई त आता लगन करून टाका. मी त्यायले कव्हरलोक थांबवू?"

संचारबंदीत एसटी नव्हती, नेट चालू असलेल्या गावी जायचं कसं? माझ्या डोक्यात पहिल्यांदा तुम्हीच आलात. तुमच्या बाबांना फोन लावू, ते तिकडून करतील. मोबाइल घेतला तर सगळं गाव एकदम फोन करत असल्यासारखं, एकही कॉल लागेना. मेसेज तेवढे अडखळत येत होते. मग मी दोघांना घेऊन मधल्या भिंतीच्या खिंडारातून बाईंकडे गेले. त्यांच्याकडे जुना तारेचा फोन होता. गल्लीतल्या सगळ्यांनी काढून टाकले, बाईंनी ठेवला होता, रविवारी अमरावतीशी गप्पा मारायला.

समोरून भाऊंनी आम्हाला पाहिलं. त्यांच्या खिडकीतून दबका आवाज आला, "बाई, कोनाले घरात घेऊन राह्यल्या? आज नोका घेऊ. दार लावा."

"लावतो भाऊ," बाई म्हणाल्या. निखतला दंडाला धरून आत घेतलं आणि मग दार लावलं. वडिलांना त्यांनी मागच्या मागे घरी पाठवलं, पुरुषमाणूस रस्त्यावर दिसू नये म्हणून. जाताना ते एवढंच म्हणाले, "पोरगी तुमच्या हवाली, बाई."

मी म्हटलं, "परदेशी लागेल का यावरून?"

"सात समिंदरापल्याड कायले जाता मॅडम? अमरावती हाये न." बाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला, खुर्चीत ताठ बसल्या आणि नंबर फिरवला. पलीकडून उचलल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला. वऱ्हाडी दाराबाहेर ठेवून आल्यासारख्या त्या बोलू लागल्या.

"हॅलो अमरावती, अकोट बोलतेय. अर्जंट."

गावात काय चाललंय, कशा आहात, असं काही पलीकडून विचारलं गेलं नाही. "बोला अकोट."

अमरावतीच्या बाईंच्या माडीवर क्लासला आलेल्या मुली भाड्याने राहत. बाईंनी काम सांगितलं तशी एकीला लॅपटॉपसकट खाली बोलावलं गेलं. ती म्हणाली, फोन माझ्याकडे द्या, मी सरळ बोलते. मला इकडे अमरावतीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मध्ये कुणी बोलायचं नाही. लाइनवर ऑपरेटर आहे."

मग सुरू झालं. निखत बाईंना सांगे, बाई अमरावतीला, अमरावती त्या मुलीला, आणि प्रत्येक अक्षर उलट येऊन तपासलं जाई.

"एन फॉर नागपूर."

"एन फॉर नागपूर. पुढे?"

"आय फॉर इटारसी. के फॉर कारंजा. एच फॉर हिंगणघाट. ए फॉर अकोट. टी फॉर तिवसा."

निखतचं नाव असं स्टेशनं घेत घेत अमरावतीला पोचलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते. बाहेरून गाडीचा भोंगा गेला, जवळ आला, दूर गेला. निखत पुटपुटली, "आजी, जल्दी." बाईंनी तिच्याकडे न बघता हात वर करून तिला थांबवलं. आकडे, मग पासवर्ड, मग पुन्हा आकडे.

एवढ्यात अमरावतीचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

हसावं की रडावं मला कळेना. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "वाढवा."

तिकडे पहिलं पान उघडलं आणि ती माडीवरची मुलगी आनंदाने ओरडली, "झालं!"

खट्. लाइन बंद.

गिऱ्हाईक "झालं" म्हणालं, आणि अमरावतीच्या हाताने इतक्या वर्षांचं आपलं काम केलं. रिसीव्हर खाली. त्याच क्षणी निखतच्या मोबाइलवर मेसेज आला. पाठवलेला आकडा, म्हणजे ओटीपी. थोडाच वेळ चालणारा. तो आमच्याकडे, आणि ज्याला हवा तो पन्नासएक मैलांवर.

बाईंनी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याबी लावून राह्यल्या." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मी लावली व्हती लाइन, मीच लावाची. त्यायनं थांबाचं. पन हात त्यायचा गेला न, मंग जीव घाबरला असंल."

दोघी एकमेकींना लावत होत्या आणि दोघींना दुसरी एंगेज मिळत होती. निखत जमिनीवर बसून मोबाइलच्या पडद्याकडे बघत होती. "आजी, लगाओ ना. लगाओ ना आजी."

बाईंनी आणखी एकदा ऐकलं. मग रिसीव्हर जागेवर ठेवला. त्यावरून हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर एकात एक धरून बसल्या.

"अहो, लावा ना!" मी जवळजवळ ओरडले.

"नाई मॅडम. आता कोनीतरी थांबलं पाह्यजे."

त्यांनी आयुष्यभर पाळलेला नियम सांगत होता की लावायचं त्यांनीच. तो बाजूला ठेवून त्या बसल्या. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी घड्याळाकडे बघणं सोडलं. अमरावतीच्या बाईसुद्धा असाच विचार करून थांबल्या असतील तर? दोन म्हाताऱ्या दोन गावांत हात बांधून एकमेकींची वाट बघत बसतील आणि पाच वाजतील. निखतने पदरासारखी ओढणी तोंडात धरली होती. समोरच्या खिडकीची कडी वाजली, भाऊ ऐकत असावेत.

फोन वाजला.

"अमरावती?"

"चुकलं हो अकोट. हात गेला."

"असू द्या. नवीन आकडा मागवा."

जुना मरून गेला होता. नवा यायला इतका वेळ लागला, की निखत मोबाइल खिडकीजवळ धरून उभी राहिली, जणू त्याने बाहेरची हवा खाल्ली तर तो लवकर येईल. आला. तिने वाचला, बाईंनी सांगितला, अमरावतीने परत म्हणून दाखवला. पलीकडे बटणांचा आवाज.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मुलीला सांगा, 'झालं' म्हणायचं नाही. समोर जे दिसतंय ते वाचायचं."

आणि त्या अनोळखी मुलीने वाचलं. अमरावतीने ते म्हटलं, बाईंनी म्हटलं. इंग्रजी वाक्य होतं. जागा स्वीकारल्याची नोंद झाली आहे. निखतला ते नीट कळलं होतं, तरी तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की ती रडते आहे.

"लाइन क्लिअर, अमरावती."

"लाइन क्लिअर, अकोट."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. पिन खुपसायला हात उचलला होता, पण मग उठून त्यांनी तो निखतच्या पाठीवर ठेवला.

नेट आल्यावर राउटर पुन्हा खिडकीत हिरवा झाला, बिनपासवर्डाचा. भाऊ काही दिवसांनी पुन्हा कुलपाचं काढू लागले. तो वाद मिटला नाही, आणि दोघंही एकमेकांच्या घरचं लोणचं खात राहिले. खोटं पाठवणाऱ्याला कसं थांबवायचं याचं उत्तर बाईंकडे नव्हतं, हे त्या कबूल करत. "पन त्याच्यासाटी निखतची लाइन काहून कापाची?" एवढंच विचारत.

निखत अकोल्याला गेली. तिथेच आता नोकरीला आहे. सुट्टीला आली की आधी बाकावर बसे, मग घरी जाई.

बाई यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्या नाहीत. त्यांचा भाचा नागपूरहून आला, बुद्धवंदना झाली, ओसरीत माणसं बसली होती. खेड्यांतली काही माणसं तर मी पहिल्यांदाच बघत होते. ती येऊन बाकाला हात लावून उभी राहत. निखतने रजा काढली होती, ती आतल्या खोलीत बायकांना पाणी देत होती.

तो रविवार होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, अमरावतीला कळवायचं राहूनच गेलं होतं.

ठरल्या वेळी तारेचा फोन वाजला. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पण काय सांगायचं ते जुळवत तिथेच थांबले. घंटा वाजत राहिली. निखतने तांब्या खाली ठेवला, ओढणीला हात पुसले, खुर्चीत बसली. ताठ.

"हॅलो अमरावती," ती म्हणाली, "अकोट बोलतेय."

निखतने घाई केली नाही, रिसीव्हर कानाला धरून थांबली. मग ती जुनी, उंच वाटणारी हाक मला तिथपर्यंत ऐकू आली.

"बोला अकोट."